अधिक महिन्याचे बाळ



वाचक माउलींनो, गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून नारदाच्या गादीवर उभे राहणे माझे थांबले आहे. आता ओसरीवर बसून पोथी वाचतो, कोणी आले तर चार शब्द बोलतो. आयुष्यभर पुष्कळ बोललो. त्यातले एक बोलणे मात्र परत घेता आले असते तर बरे झाले असते, असे फार दिवस वाटत आले. ते सांगण्याचे निमित्त २०२३ च्या अधिक श्रावणात घडले.

त्या अधिक महिन्यात पुण्याला आमच्या नातवाला मुलगा झाला. म्हणजे मला पणतू. बाराव्या दिवशी बारसे ठरले. चार दिवस आधी नातवाचा फोन आला. आवाज जरा पडलेला. म्हणाला, "आबा, नावावरून घरात वाद झालाय. तुम्हीच काय ते सांगा." विचारले, "नाव काय काढलंय?" तो म्हणाला, "हिच्या मनात 'अधिक' ठेवायचं आहे. अधिक महिन्यात झाला म्हणून."

फोन लाऊडस्पीकरवर होता आणि आमच्या घरातले सगळे भोवती बसले होते. आमची ही म्हणाली, "अधिक? लोक विचारतील, कशापेक्षा अधिक?" सूनबाई म्हणाल्या, "अधिक म्हणजे जास्तीचा. शाळेत पोरं चिडवतील." पुतण्या म्हणाला, "हल्ली काहीतरी वेगळं हवं म्हणून लोक वाटेल ते नाव ठेवतात." पलीकडून विहीणबाईंचाही आवाज आला, "धोंड्या महिन्याची आठवण जन्मभर कशाला गळ्यात?" मी म्हणालो, "मला दोन दिवस द्या." सगळ्यांना वाटले, म्हातारा पोथी उघडणार. पोथी मी उघडलीच, पण दोन दिवस मागण्याचे कारण वेगळे होते. ते पुढे सांगतो.

आधी पोथीत काय आहे ते पाहू.

महिन्यावरून माणसाचे नाव ठेवणे ही आजकालची टूम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. पंढरपूरचे काशिनाथशास्त्री उपाध्ये, ज्यांना बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी शके १७१२ म्हणजे १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. आपल्या विठोबाच्याच गावात बसून लिहिलेला हा ग्रंथ. त्यात बाळाच्या नावाचे चार प्रकार येतात. एक देवतानाम, दुसरे मासनाम, तिसरे नाक्षत्रनाम आणि चौथे व्यावहारिक नाम. आपण ज्याला नाव म्हणतो ते चौथे. जन्ममहिन्याचे नाव त्याच्याआधी दुसऱ्या जागेवर बसलेले आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नावे लिहितात, त्यात हे मासनामही लिहिण्याची रीत आहे.

हे मासनाम म्हणजे 'चैत्र', 'वैशाख' असे नसते. प्रत्येक महिन्याला भगवंताचे एक नाव लावून दिले आहे. मार्गशीर्षापासून मोजण्याची रीत धरली तर कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश आणि पुंडरीकाक्ष असा क्रम येतो. म्हणजे कार्तिकात जन्मलेले बाळ पुंडरीकाक्ष आणि श्रावणातले वासुदेव. संध्येतल्या चोवीस नावांपैकी पहिली बारा नावेही महिन्यांना लावतात. त्या हिशेबात मार्गशीर्ष हा केशव, श्रावण हा श्रीधर आणि कार्तिक हा दामोदर. एका यादीत श्रावण वासुदेव, दुसरीत श्रीधर. दोन्ही खऱ्या, कारण दोन्हीकडे नाव एकाचेच आहे.

त्याहून मागे गेलो तर तैत्तिरीय संहितेत महिन्यांची आणखी जुनी नावे मिळतात. वसंताचे मधु आणि माधव, ग्रीष्माचे शुक्र आणि शुचि, पावसाळ्याचे नभ आणि नभस्य, शरदाचे इष आणि ऊर्ज, हेमंताचे सह आणि सहस्य, शिशिराचे तप आणि तपस्य. आज घरोघरी माधव आहेत, ते नाव एके काळी वैशाखाचे होते याची कोणाला आठवण नसते. चैत्र, वैशाख ही नावे नक्षत्रांवरून आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, श्रवणाजवळ असतो तो श्रावण.

आपल्या खेड्यापाड्यांतही महिन्यांची नावे माणसांना होतीच. खानदेशात चैत्राम असतात, श्रावण असतात. घरोघरी कार्तिक आणि फाल्गुनी आहेत. आणि आमच्या सातारा-सांगलीकडे अधिकराव नावाची माणसे मी स्वतः पाहिली आहेत. धोंड्या महिन्यात झालेला म्हणून कोणी धोंडिराम. तेव्हा नातसुनेने काढलेले नाव पुण्यात नवे वाटले, तरी आमच्या गावच्या पारावर ते जुनेच निघाले असते.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पूर्वी होते म्हणून आता ठेवावे, हे काही उत्तर नव्हे. माझे एक कीर्तनकार स्नेही आहेत, त्यांच्याशी बोललो. त्यांचा आक्षेप अधिक खोल होता. ते म्हणाले, "महाराज, आपल्याकडे मुलांना देवाची नावे का ठेवतात? घरात दिवसातून पन्नास वेळा मुलाला हाक मारायची असते. तेवढ्यानेच नामस्मरण घडावे. अधिक, अधिक म्हणून हाक मारली तर कोणाचे स्मरण घडणार?"

आक्षेप योग्य आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. कान्यकुब्जाचा तो ब्राह्मण आचारभ्रष्ट झाला. त्याला दहा मुलगे. धाकट्याचे नाव नारायण. मरणसमयी यमदूत दिसले तेव्हा त्याने घाबरून धाकट्याला हाक मारली आणि त्या हाकेला विष्णुदूत धावून आले. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. नामदेवरायांच्या घरी तर हेच झाले होते. त्यांचे चार मुलगे नारा, विठा, गोंदा आणि महादा. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. घरात कोणी कोणाला भाकरी खायला बोलावले तरी देवाचे नाव उच्चारले जायचे.

पण त्याच आळंदीकडे पाहा. विठ्ठलपंतांच्या घरात चार लेकरे झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. यांत थेट देवाचे असे नाव एकही नाही. निवृत्ती म्हणजे संसाराकडून वळणे, ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना आणि मुक्ती. ही वाटेची नावे आहेत. नामदेवांच्या घरात देवाची नावे, आळंदीच्या घरात वाटेची नावे, आणि पंढरीला जाताना दोन्ही घरे एकाच रस्त्याला लागतात. म्हणून देवाचे नाव नसेल तर ते नाव अपुरे, असे मला म्हणवत नाही. स्मरण नावातल्या अक्षरांनी घडते तसे नावामागच्या अर्थानेही घडते. मात्र तो अर्थ हाक मारणाऱ्याला ठाऊक पाहिजे. नाहीतर माधव म्हणूनही स्मरण घडत नाही. किती माधवांना आपण रागाने हाका मारतो!

आता पुतण्याच्या बोलण्याकडे वळू. वेगळेपणाची हौस. हीही खरी गोष्ट आहे. बाळाचे नाव चारचौघांत उठून दिसावे, दुसऱ्या कोणाच्या मुलाचे नसावे, असे आईबापांना वाटते. यात पाप नाही. परंतु त्या हौसेत बाळ कुठे आहे, हे पाहावे. पुष्कळदा नाव बाळाला असते आणि मिरवायचे असते ते आईबापांना. दाराच्या पाटीसारखे ते बाळाच्या अंगावर लावतात. तशा नावाला दोन वर्षांत जुनेपण येते, कारण शेजारी त्याहून वेगळे नाव निघते. उलट कित्येक वेळा विचित्र दिसणाऱ्या नावाखाली फार मोठी माया दडलेली असते. ज्यांची लेकरे जगत नसत ते आईबाप मागाहून झालेल्या लेकराचे नाव दगडू, केरू, भिकू असे ठेवत. दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये म्हणून. आज ती नावे ऐकून हसू येते. पण ती नावे ठेवणाऱ्या आईने आधी काय सोसले होते, ते त्या हसण्यात येत नाही.

आणि याच ठिकाणी मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८४ सालची गोष्ट. मी पस्तिशीचा. आवाज होता, पाठांतर होते, आणि लोकांना हसवण्याची कला साधली आहे असा गर्वही होता. आळंदीला शिकत असताना गुरुजींनी एक ताकीद दिली होती की कीर्तनात विनोद करायचाच तर स्वतःवर करावा, समोरच्यावर करू नये, कारण समोरच्याला उत्तर द्यायला जागा नसते. ती ताकीद मी तोपर्यंत विसरलो होतो.

आषाढी होऊन दिंड्या गावोगावी परतल्या होत्या. कृष्णाकाठच्या एका गावात माझे कीर्तन होते. त्याच दिवशी त्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी मुलीचे बारसे झाले होते. कीर्तन रंगात आले असताना तो बाप मुलीला घेऊन पुढे आला, माझ्या पायाशी ठेवली आणि आशीर्वाद मागितला. मी विचारले, "नाव काय ठेवलं?" तो म्हणाला, "आषाढी."

मी टाळकऱ्यांकडे वळून म्हणालो, "बरं झालं! पुढच्या खेपेला कार्तिकी, मग माघी, मग चैत्री. चारी वाऱ्या घरातच! आणि अधिक महिन्यात झालीच एखादी, तर तिला अनारसीबाई म्हणा!"

मंडप हसून लोटपोट झाला. बापही ओशाळून हसला. मृदंगाचार्यांनी थाप मारली आणि मी पुढच्या चरणाकडे वळलो. बायकांच्या बाजूला मागे बसलेली एक बाई उठून गेली, ते मला दिसले. पण कीर्तनात बायका उठतातच. लेकरू रडते, घरी काम असते.

त्यानंतर १८ वर्षांनी, २००२ साली, त्याच गावाच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन मला आले. आदल्या दिवशी दुपारचे जेवण एका घरी होते. एक तरुण मुलगी वाढत होती. मी सहज विचारले, "बाळा, नाव काय तुझं?" ती म्हणाली, "आशा." तिची आई चुलीजवळ होती. ती बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "महाराज, नाव आशा न्हवतं. आषाढी व्हतं."

मला क्षणभर काही कळले नाही. मग सगळे आठवले.

त्या माउलीने रागाने काहीच सांगितले नाही. सांगितले ते असे. त्यांच्या घरात सासऱ्यांपासून पायी वारी. लग्न झाल्यापासून तीही जायची. त्या वर्षी दिवस भरत आलेले, म्हणून तिला घरी ठेवून सगळे पालखीबरोबर गेले. जाताना सासूबाई बोलल्या की तुझ्यामुळे घराची वारी एका माणसाने उणी झाली. ती एकटी राहिली. एकादशीच्या पहाटे सुईण शेजारून आली आणि मुलगी झाली. ती म्हणाली, "मला वाटलं, म्या गेले न्हाई म्हनून इठोबानं वारीच माझ्या घरी धाडली. म्हनून आषाढी ठेवलं. सासूबाईस्नी बी पटलं. त्यास्नी बी रडू आलं."

मग त्या रात्री माझे कीर्तन झाले. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरे त्या तान्ह्या मुलीला अनारसी म्हणू लागली. मोठी झाली तरी तेच. पहिलीत घातले तेव्हा मास्तरांपुढे पोरे तशीच ओरडली, आणि बापाने तिथल्या तिथे नाव बदलून आशा लिहवले.

माझ्या पानात आमटी होती. घास उतरेना. मी हात जोडून म्हणालो, "माउली, चुकलं माझं." ती गडबडली. म्हणाली, "मनाला लावून घिऊ नका. लेकरांचं काय, हसत्यात." दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात मी उभा राहून सगळ्या गावासमोर क्षमा मागितली, आणि त्या मुलीला तिच्या आईने ठेवलेल्या नावाने हाक मारण्याची विनंती केली. कीर्तन झाल्यावर ती मुलगी पाया पडायला आली. म्हणाली, "आता आशाच बरं, महाराज. हाकेची सवय झालीय."

तेवढेच. जे मोडले ते तसेच राहिले. मी ते नाव चार शब्दांत मोडले होते आणि १८ वर्षांनी हात जोडून ते जोडता आले नाही.

पणतूच्या नावाचा प्रश्न आला तेव्हा दोन दिवस मागितले ते यासाठी. ज्या अधिक महिन्याचा विनोद करून मी एका लेकीचे नाव घालवले, तोच महिना माझ्या घरात बाळ होऊन आला होता.

अधिक महिना म्हणजे काय, हे आपण सर्व जाणतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो. तो साचून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. २०२३ साली तो १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत आला, श्रावणाआधी. त्याच्या आधीचा अधिक श्रावण २००४ साली होता. या महिन्याला मलमास म्हणतात. मंगलकार्ये करत नाहीत. वेळेवर येणाऱ्या बारशाला मात्र त्याची आडकाठी नाही, असे जाणकार सांगतात.

पुरुषोत्तम मासाच्या माहात्म्यात याची कथा येते. प्रत्येक महिन्याला आपापला स्वामी होता. या जास्तीच्या महिन्याला कोणीच नव्हते. लोक त्याला मळका म्हणत, टाळत. तो रडत भगवंताकडे गेला आणि म्हणाला की मला नाव नाही, धनी नाही, सगळीकडे माझी निंदा होते. भगवंतांनी त्याला दुसऱ्या महिन्यांसारखा हो, असे सांगितले नाही. आणखी कोणा देवतेच्या पदरातही घातले नाही. स्वतःचे पुरुषोत्तम हे नाव त्याला दिले. ज्याला कोणी नाव देईना, त्याला देवाने आपले नाव दिले. आपण जावयाला अनारसे वाढतो, ३३ च्या संख्येने दान देतो, ते या नावाच्या मानासाठी.

आपल्या संप्रदायात कोणताच महिना वाया गेलेला नाही. पंढरीच्या चार वाऱ्या चैत्र, आषाढ, कार्तिक आणि माघाच्या. पौषाला लोक भाकड म्हणतात, त्यात लग्नकार्य करत नाहीत. त्याच पौषात वद्य एकादशीला निवृत्तिनाथांसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वराला जातात आणि कडाक्याच्या थंडीत वारकरी उघड्यावर झोपतात. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहू आणि फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती सांगितली, म्हणून इतर महिने देवाबाहेरचे झाले नाहीत. मग अधिक तरी कसा होईल?

तरीही सूनबाईंची भीती मनातून जाईना. अधिक म्हणजे जास्तीचा. आमच्याच सातारा जिल्ह्यात मुलींना नकोशी नाव ठेवत. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकोशी. २०११ साली जिल्ह्यात अशा २८० हून जास्त मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. त्या नावांवर हसू येत नाही. मान खाली जाते. जे नाव हाकेसरशी लेकराला सांगते की तू नको होतीस, ते नाव बदललेच पाहिजे. म्हणून दगडू आणि नकोशी ही दोन्ही नावे कानाला उणी लागली, तरी त्यांत फरक आहे. एकात लेकरू जगावे ही तळमळ आहे, दुसऱ्यात ते झाल्याचे दुःख आहे. मग अधिक हे यातले कोणते? ते पोथीत सापडणार नव्हते. ते नाव काढणारीच सांगू शकत होती. आणि आमच्या घरातल्या वादात सगळे बोलले होते, तिला मात्र कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही. १९८४ साली त्या बापालाही मी नाव विचारले होते, ते का ठेवले हे विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला. म्हणालो, "बाळा, अधिक का ठेवावंसं वाटलं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर डॉक्टर म्हणाले होते की धीर धरा, आशा फार ठेवू नका. आम्ही दोघांनी मनाची तयारी केली होती. आमच्या हिशेबात हे बाळ नव्हतंच. तुमच्या जुन्या कीर्तनाची एक कॅसेट यांनी मोबाइलवर घेतली आहे. त्यात तुम्ही पुरुषोत्तम महिन्याची कथा सांगितली आहे. हिशेबात न बसणारा महिना देवाने आपला म्हटला, असं. दवाखान्यात मी ती ऐकत होते. आमचाही हा हिशेबाबाहेरचा आहे, म्हणून अधिक."

मला बोलता येईना. ज्या तोंडाने मी अनारसी म्हटले, त्याच तोंडाने कधीतरी ही कथाही सांगितली होती, आणि ती कुठे जाऊन कोणाला धीर देत होती ते मला ठाऊक नव्हते. कीर्तनकाराला आपल्या शब्दांचा हिशेब कधीच पुरता कळत नाही. म्हणून तोंड जपावे.

मी घरात सगळ्यांना बसवून सांगितले की नाव अधिकच राहील. आमची ही डोळे पुसत म्हणाली, "मग मी एकटीच त्याला पुरुषोत्तम म्हणणार." मी म्हटले, "म्हण की, महिना एकच आहे." नातसुनेलाही एक गोष्ट सांगितली. "हे नाव तू मायेने ठेवलंस हे मला कळलं. पण बाळाला ते आपोआप कळणार नाही. जग त्याला जास्तीचा म्हणेल, तेव्हा तुझी माया त्याच्याजवळ असेलच असं नाही. म्हणून त्याला समजू लागलं की ही गोष्ट सांग, आणि पुन्हा पुन्हा सांग. वेगळं नाव ठेवणाऱ्यावर एवढं ऋण असतं. साध्या नावाला गोष्ट नसली तरी चालतं, वेगळ्या नावाला ती लागते."

बारशाला मी पुण्याला गेलो. गाडीत पाय आखडले, पण गेलो. ताटात तांदूळ पसरले होते. नातवाने अंगठीने नावे लिहिली. आधी कुलदेवतेचे, मग श्रावण म्हणून वासुदेव, मग नक्षत्राचे, शेवटी अधिक. आत्याबाईने पाळण्यात वाकून कानात कुर्र केले. पाहुण्यांत कोणीतरी नाव ऐकून हळूच हसले. मी त्या बाजूला पाहिले नाही. पाळण्याजवळ खुर्ची ओढून घेतली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बाळाला त्याच्या नावाने हाक मारली. त्यावर काही टिप्पणी केली नाही, दृष्टांत दिला नाही. नुसती हाक मारली.

माउलींनो, नाव ठेवण्याचे काम एका दिवसाचे असते. ते सांभाळण्याचे काम जन्मभराचे, आणि ते आईबापांहून जास्त तुमच्या-माझ्यासारख्या हाक मारणाऱ्यांच्या हातात असते. दिंडीत आपण या बाबतीत किती शहाणे असतो! पुढे चालणाऱ्याचे नाव, गाव, जात काही ठाऊक नसते, आणि आपण त्याला माउली म्हणून वाट मागतो. कोणाला हसत नाही. घरी परतल्यावर तो शहाणपणा तुळशीवृंदावनाजवळ उतरवून ठेवू नये.

तुमच्या घरी कोणी महिन्यावरून, ऋतूवरून, नक्षत्रावरून कधी न ऐकलेले नाव काढले, तर ते चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ठेवणाऱ्याला जवळ बसवून विचारा, का ठेवावेसे वाटले? नुसती हौस असेल तर ती सांगता सांगता त्यालाच उमगेल आणि तो पुन्हा विचार करील. आणि नावामागे काही असेल, तर ते ऐकल्यावर तुम्हाला हसू येणार नाही.

कृष्णाकाठच्या त्या गावात आता माझे जाणे होत नाही. आषाढी एकादशीला मात्र पहाटे जाग आली की त्या लेकीचे पहिले नाव मी मनात एकदा घेतो. तिला ते नको आहे, म्हणून मोठ्याने घेत नाही.

रामकृष्ण हरी.